मुखेडच्या दवाखान्यातली दुसरी खुर्ची

लातूर,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. सिंधूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलोय. इथे तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

आरतीसाठी स्थळ आणलंय. मुखेडच्या दुकानदार माधवरावांचा मुलगा दयानंद. एम.डी. आहे, आपल्या आलोकच्याच कॉलेजातला. बापाने त्याला मुखेडला दोन मजली दवाखाना बांधून दिलाय. आरतीचा फोटो त्यांना पसंत पडला.

आता माझं स्पष्ट मत ऐक. भाचीने पीएच.डी.साठी सहा वर्षं तुरीच्या मर रोगावर घालवली. तुरीची नाडी कुठे लागते गं, असं मी दिवाळीत गमतीने विचारलं, तर माझ्याशी भांडून ताटावरून उठली. एवढं करून हाती काय, तर कॉलेजात तासिकेवर शिकवणं. आमचा पोरगा आलोक एमबीबीएस होऊन बाहेर पडला आणि आज त्याच्या दारात रांग असते. लोक ज्याला हात जोडतात तो डॉक्टर. तुरीची शेंग कुणाला हात जोडत नाही.

पण त्या पीएच.डी.चा एक उपयोग झाला. मुलगी काय करते, असं माधवरावांनी विचारलं. डॉक्टर आहे म्हणालो. खोटं कुठे बोललो? विद्यापीठानेच दिलंय. पुढचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाहायला येतील तेव्हा तिला म्हणावं, नाव सांग आणि गप्प बस. बाकीचं मामा बघून घेईल.

जावईबापूंना नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
शेषेदादा


नांदेड,
११ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
सिंधूचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तू बोलतोस त्यापेक्षा लिहितोस जास्त झोंबणारं, हे आज कळलं.

मी जन्मभर शाळेत शिकवलंय, तेव्हा आता पुढच्या बाकावर बसून ऐक. आलोकच्या एमबीबीएसमधले दोन्ही 'बी' बॅचलरचे. डॉक्टर हा शब्द त्यात दिवा घेऊन शोधलास तरी सापडणार नाही, तो लोकांनी मानाने लावलाय. दयानंदच्या एम.डी.त तो आहे, आणि वॉर्डात राबल्याशिवाय मिळत नाही, हेही मान्य. पण ही दोघं दुसऱ्यांनी शोधलेलं शिकली आणि ते माणसांवर वापरतात. आरतीला जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते शोधावं लागलं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभं राहून ते खरं असल्याचं पटवावं लागलं. आलोक ज्या गोळ्या खरडतो, त्या अशाच कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं घालून काढल्यात. राहिली त्याच्या दारातली रांग. साध्या सर्दीला पाच औषधं लिहिणाऱ्याकडे माणूस बरा होऊन घरी बसतोच कधी?

आमच्या दाराच्या पाटीवर 'डॉ. आरती' लिहिलंय. ती पाटी तिने स्वतः करून आणली आणि स्वतःच पुसते. घरकामाला तिचा हात लागतो तो तेवढाच.

पण दादा, तुझ्यापाशी लपवत नाही, मला हे स्थळ हवंय. पोर एकतिशीची झाली. नोकरी ही अशी, उन्हाळा आला की संपते. हल्ली कुठल्या लग्नाला गेले की बायका तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. येऊ देत त्यांना. फक्त तुझं ते अर्धवट सांगणं आरतीला चालणार नाही. मुलाला ती स्वतः सगळं सांगणार आहे.

वहिनीला नमस्कार. बोलले ते पोटात घाल, मला मात्र बाहेर ठेवू नकोस.
तुझी,
सिंधू


लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सिंधूस,
आशीर्वाद. पसंती आली! मी सांगत नव्हतो? पाहण्याच्या कार्यक्रमात इंदूताईंनी, म्हणजे मुलाच्या आईने, शिक्षण विचारलं आणि आरतीने तोंड उघडायच्या आत मी डॉक्टर म्हणून मोकळा झालो. मग दोघं गच्चीवर बोलायला गेली. तिने दयानंदला तुरीपासून तासिकेपर्यंत सगळं सांगितलं म्हणे. सगळं ऐकूनही मुलगा हो म्हणतोय. एम.डी. माणसाचं मन असं मोठं असतं. तुमच्या पीएच.डी.वाल्यांसारखं नाही, एका शब्दावरून चार दिवाळ्या रुसायचं.

येत्या रविवारी दवाखान्याचं उद्घाटन आहे. त्याच दिवशी साखरपुड्याची तारीख धरायची आहे. तुझ्या वहिनीच्या माहेरी लग्न असल्यामुळे मला येता येणार नाही. तुम्ही तिघं जा. आरतीला म्हणावं, प्रबंध बरोबर नेऊ नकोस, माधवरावांचा सोफा नवा आहे.

सगळं नीट पार पडलं की दादाची आठवण काढून पेढा खा.
तुझा,
शेषेदादा


नांदेड,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. पेढा खाल्ला नाही. काय झालं ते सरळ लिहिते.

दवाखान्यावर भली मोठी पाटी होती. वर दयानंदचं नाव, आणि त्याखाली 'डॉ. आरती, स्त्रीरोग व प्रसूती'. मला वाटलं दुसरीच कुणी असेल. आत दोन खोल्या. दुसरीत टेबल, पडदा, नवी खुर्ची आणि खुर्चीवर पांढरा कोट. इंदूताईंनी हौसेने तो आरतीच्या अंगावर चढवला आणि तिला खुर्चीत बसवलं. हे काय, असं तिने विचारल्यावर दयानंदने हसतच समजावलं. त्यात खोटं काय, 'डॉ.' तर खरंच आहे, पुढचे शब्द कोण वाचतं? बाया बाईमाणसाजवळच दुखणं सांगतात. आरतीने ऐकून घ्यायचं, ब्लडप्रेशर बघायचं, चिठ्ठी त्याच्याकडे पाठवायची. औषध तो लिहील. इंदूताईही म्हणाल्या की पोरगी एवढी शिकलेली हाय, नुसतं बसायला तिचं काय जातंय.

तेवढ्यात जळकोटकडची एक गरोदर बाई सासूला घेऊन आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. पाटी वाचून सरळ त्या खोलीत शिरली, आरतीचा हात धरून डॉक्टरबाई डॉक्टरबाई करत रडायला लागली, की कालपास्नं लेकरू हलंना झालंय. दादा, त्या वेळी मी आरतीच्या कानाशी लागून म्हणाले, आजच्या दिवस बस, उद्या बघू. मी, तिची आई. लिहितानाही शरम वाटते.

आरतीने कोट काढला. ज्या एका शब्दासाठी ती तुझ्याशी ताटावर भांडली, त्याच्याबद्दल भर पाहुण्यांत मोठ्याने म्हणाली की मी डॉक्टर नाही, माझ्यावर भरवसा ठेवू नका, बाईंना आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या. कुणी जागचं हलेना, तेव्हा स्वतः जीप ठरवून त्यांच्याबरोबर गेली. इथे सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. लेकरू अगदी लहानगं आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, पण आहे.

काल माधवरावांचा निरोप आला. चारचौघांत शोभा केल्याबद्दल आरतीने माफी मागावी, पाटी आहे तशी राहील, लग्न होईल. आणि माझ्या तोंडून अजून 'नाही' निघत नाही. मधला माणूस तू आहेस. काय ते तू सांग.

मनातून काढू नकोस एवढंच मागते.
तुझी,
सिंधू


लातूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सिंधूस,
आशीर्वाद. मी मुखेडला जाऊन आलो. लग्न मोडलं. आता तुला हो किंवा नाही म्हणायची गरज उरली नाही.

माधवरावांनी चहा दिला, तो तसाच ठेवला. मी त्यांना म्हणालो की आरती डॉक्टर नाही हे मी घरोघर सांगत आलोय, तुमच्यापाशी तेवढं लपवलं, ते आज सांगतो. म्हणूनच तिला त्या खुर्चीत बसवणाऱ्याची मला किळस येते. त्या पाटीखाली बसायला वेगळं शिकावं लागतं, सरकारात नाव नोंदवावं लागतं. एवढं तुमच्या एम.डी.ला कळत नसेल, तर तो पांढरा कोट दुकानाच्या गादीवर अंथरा. दयानंद मोबाइल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला की काका, उगाच तापू नका, पाटीची युक्ती तुमच्या आलोकचीच आहे.

घरी येऊन आलोकला विचारलं. त्याने नाकारलं नाही. उलट हसला. म्हणाला की सगळीकडे असंच चालतं बाबा, माझ्याकडेही मी नसलो की कंपाउंडरच तपासतो, लोकांना कोट दिसला की पुरे. सिंधू, मी ज्या रांगेचं कौतुक तुला ऐकवत होतो, ती त्या कंपाउंडरपुढेही तशीच हात जोडून उभी असते. मी बाप असून मला हे ठाऊक नव्हतं. की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तेव्हापासून आम्ही एका घरात आहोत, बोलत नाही. तुझी वहिनी दोघांना वेगवेगळं वाढते.

परवापासून माझं डोकं जड आहे, उठलं की भिंत धरावी लागते. घरात डॉक्टर आहे, पण त्याच्यापुढे हात करायला मन होत नाही. शनिवारी नांदेडला येतो. आरतीला दाखवेन. ती तुरीपलीकडचं काही सांगणार नाही. मामा, हे मला येत नाही, असं म्हणेल आणि मला एखाद्या खऱ्या डॉक्टरकडे घेऊन जाईल. ती ज्याच्याकडे नेईल, त्याचं औषध मी घेईन.

एस.टी.ने येतोय. दाराशी आलो की आत घे.
तुझा,
शेषेदादा