हाडांचं सुरण

आणि मीठ आधी चोळायचं की मसाला, हे मात्र तुम्ही कधी सांगितलंच नाहीत, अप्पा. सकाळपासून डुकराची मांडी पुढ्यात घेऊन बसलोय. कुंभकोणाबाहेर तिरुवलंचुळीकडच्या उसात रानडुकरं शिरली, लोकांनी एक मारलं, आणि आमच्या कचेरीतला शिपाई केळीच्या पानात गुंडाळून आणून म्हणाला, "तुम्हां मराठ्यांत चालतं ना?" चालतं म्हणजे काय! मी उडीच मारली. घरी आल्यावर लक्षात आलं, विचारायला कोणीच नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली, तुम्ही जाऊन अकरा.

आपल्याकडे डुक्कर हा शब्द काढायचा नाही, असा तुमचा नेम होता. सगळी गल्ली सोवळ्याची, म्हणून आपण 'सुरण' म्हणायचं. रविवारी परसात तुम्ही तांब्याचा हंडा चढवायचा, झाकणावर निखारे पसरायचा, आणि शेजारची तमिळ आजी भिंतीवरून डोकवायची.

"काय शिजतंय?"

"सुरण, अम्मा."

"तुमच्या सुरणाला हाडं असतात वाटतं! कुंभकोणातले सगळे कावळे तुमच्याच भिंतीवर बसलेत."

तुम्ही हसायचा, तीही हसायची. मला मात्र त्यात हसण्यासारखं काय, ते कळायचं नाही. जमिनीतल्या कंदाला आपण घरीसुद्धा तमिळांसारखं 'सेनै'च म्हणायचो. त्यामुळे सुरण म्हणजे ते जनावरच, असं मला खरंच वाटायचं.

मग शाळेत निबंध आला, रविवारचं जेवण. इंग्रजी शाळा, मी हौशी. डिक्शनरी काढली, सुरणापुढे 'यॅम' दिसलं, लिहून टाकलं. माझे वडील यॅमच्या कातडीला चिरा पाडतात, मिरं, आलं, लसूण चोळतात, तीन तास भाजतात, मग मी त्याचं हाड चोखतो. गोऱ्या हेडमास्तरांनी तो वर्गात मोठ्याने वाचला आणि विचारलं, "या यॅमला शेपूट होतं का रे?" वर्ग हसून लोळला. त्यातल्या एकाला खरं काय ते उमगलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाकावर कोणी बसेना.

त्याच रविवारी तुम्ही मला हाक मारलीत. हात कोपरापर्यंत मसाल्याने माखलेले, तोंडावर हसू. "हात धुऊनु ये. हे सांगूनु येत नाही, हाताला कळावं लागतं." तुमच्या आजोबांनी तंजावरच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात असंच हात धरून शिकवलं होतं, हेही तुम्ही सांगत होता. मी दारातूनच म्हणालो, "मज नको. मी असलं खात नाही." का, ते तुम्ही विचारलं नाहीत. मांडी एकट्यानेच उलटी केलीत. त्यानंतर परसात हंडा चढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तापाने तुम्ही गेलात.

तर आज अंदाजाने केलं. मीठ आधी, मग वाटण, वरून चिंचेचं पाणी. निखारे कमी पडले, पुन्हा फुंकले, डोळे चुरचुरले. कातडी फुगून कुरकुरीत झाली तेव्हा मी एकटाच "झालं!" म्हणून ओरडलो. मग पान मांडलं. समोर कोणी नाही. झालंय ते तुमच्यासारखं झालंय का, हे सांगू शकेल असं माणूस आता जगात उरलेलं नाही.

हे पत्र कुठल्या टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो. त्या रविवारी तुम्ही जेवून ओसरीवर आडवे झालात तेव्हा मी परसात गेलो होतो. हंड्याच्या बुडाला चिकटलेलं खरवडून खाल्लं, बोटं चाटली, आणि तोंड धुऊन पाढे म्हणत बसलो. आजची चव मी त्या चोरलेल्या घासाशीच ताडून पाहतोय. तीच आहे असं वाटतंय. पण भुकेल्या, घाबरलेल्या पोराच्या जिभेवर कितपत भरवसा ठेवावा? तुम्हांला काय वाटतं, अप्पा?