भिंतीवरची मधली जागा

अहो,

मी सकाळच्या एसटीनं पिशोरला आईकडं जातेय, मंगळवारी येईन. वरण फ्रीजमध्ये आहे, पोळ्या डब्यात. शेजारून काही मागू नका.

शेजारच्या मृण्मयी मॅडमनी दिलेली बोगनवेल तुम्ही काल आपल्या मागच्या दगडी भिंतीवर लावलीत ना, ती मी उपटली. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीत ठेवलीत. रोपाशी माझं काही भांडण नाही.

भिंतीमागं नुसती माती दाबू नका, खडी भरा, म्हणजे पाणी निघून जाईल, हे मी उन्हाळ्यातच म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही पेपरचं पान उलटलंत. त्या बाईंनी तेच सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी खडीचा टेम्पो दारात! वर मलाच म्हणता, "लई जाण आहे हो त्यांना!"

भिंतीच्या कडेनं गवती चहा लावलाय. तुम्हाला त्याशिवाय चहा गोड लागत नाही, म्हणून. संध्याकाळी पाणी घाला. मधली जागा रिकामी ठेवलीय. तिथं बोगनवेल लावायची तर खुशाल लावा, पण आधी मला फोन करून विचारा. मी होच म्हणेन. पण विचारा.

कालिंदी