परीक्षेआधीची काळी कॉफी

बाबा, तुमच्या कॉफीवरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा या खेपेला तरी माझं बोलणं मध्येच तोडून "मुद्द्यावर ये" असं म्हणता येणार नाही. मुद्द्यावर मी माझ्या सवडीने येणार आहे. गणिताच्या मास्तरांच्या घरात जन्म घेतला की साधी तक्रारसुद्धा पायरी न गाळता मांडावी लागते, आणि आता पन्नाशी उलटल्यावर मला त्याचा मनापासून कंटाळा आलाय. तर, गेल्या महिन्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा पाहिला आणि वाटलं, लॅबवाल्यांनी चुकून तुमचाच जुना कागद मला दिला की काय. खरं तर घाबरायला हवं होतं. मला आला राग, आणि तोही तुमचा.

सदाशिव पेठेतल्या आपल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सगळं राज्य आईचं होतं, फक्त गॅसची डावी शेगडी तुमची. आईला कॉफी करता येत नाही असं तुम्ही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलंत म्हणे, आणि आईनेही ते तत्परतेने मान्य करून स्वतःचं एक काम कमी करून घेतलं. पातेल्यात पाणी, त्यात ताजी दळून आणलेली पूड, चिकोरीचा कणही नसलेली. ती चांगली रटरटू द्यायची, मग झाकण ठेवून पूड खाली बसू द्यायची, आणि स्टीलच्या गाळणीतून अलगद पेल्यात ओतायची. वर बारीक तेलकट चकत्या तरंगत असायच्या. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, बाबा, हे तेल कसलं? "तेल नाही, तो अर्क आहे. चांगल्या कॉफीची खूण," तुम्ही म्हणालात. आता तो पेला आठवतो आणि मला ओरडावंसं वाटतं, की अहो, तेलच होतं ते! शाळेतल्या पोरीला दिसलं ते तुम्हाला दिसू नये? पण तुम्ही एकदा उत्तर दिलंत की प्रश्न संपायचा. वर्गात ते चालून जात असेल, घरात फार त्रास झाला त्याचा.

मग तुमच्या निवृत्तीच्या आधी शाळेत ती तपासणी झाली आणि तुमचं कोलेस्टेरॉल निघालं. घरात दुसऱ्या दिवसापासून अभ्यासक्रम सुरू. अंड्याचा पिवळा बलक बंद, खोबरं बंद, दाण्याचं कूट बंद, आणि वरणभातावरचं साजूक तूप बंद, तेही सगळ्यांचं. आईचं कोलेस्टेरॉल कुणी तपासलंसुद्धा नव्हतं. ती बिचारी कोरड्या वरणभाताकडे बघत बसायची आणि तुम्ही समोर बसून तिला धमन्यांची आकृती काढून दाखवायचात. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती. ती तुम्ही घेतली नाही. का नाही, तर "गोळी खाऊन उतरवलेलं कोलेस्टेरॉल म्हणजे गाइड पाठ करून मिळवलेले मार्क." हे वाक्य तुम्हाला इतकं आवडलं होतं, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ते ऐकवायचात. लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे. डॉक्टर हसले नाहीत, पण ते तुमचे माजी विद्यार्थी, ते काय बोलणार तुमच्यापुढे!

आणि त्या तुमच्या परीक्षा! रक्त तपासायची तारीख ठरली की आधीचा पंधरवडा तुम्ही अभ्यासाला बसल्यासारखे वागायचात. पहाटे पर्वती, दुपारी ताक आणि भाकरी, रात्री नुसतं भाज्यांचं पाणी. भूक लागायचीच. मग भूक मारायला कॉफी. दुधात स्निग्धांश असतो म्हणून दूध वर्ज्य, सायीचं तर नाव काढायचं नाही. काळी, उकळलेली, एकावर एक पेला. आपल्याकडे उपासाला कॉफी चालते, त्यामुळे कॉफी खाण्यापिण्यात धरायची असते हे तुमच्या गावीच नव्हतं. तपासणीच्या दिवशी सकाळी पेलाभर काळी कॉफी पिऊन तुम्ही लॅबमध्ये जायचात आणि तिथल्या मुलीला ताठ मानेने सांगायचात, "काल रात्रीपासून पोटात काही नाही." खोटं बोलण्याची सवय नव्हती तुम्हाला, तुम्हाला ते खरंच वाटायचं. आकडा काही उतरायचा नाही. एकदा तर चढला. तुम्ही लॅब बदललीत. तिथेही तेच आलं, तेव्हा त्यांच्या काउंटरवर उभं राहून तुम्ही त्यांना यंत्र तपासून घ्यायला सांगितलंत. मी शेजारी उभी होते. लाजेने मान खाली घालून तिथल्या फरशीवरचे ठिपके बघत होते.

तो शेवटचा दिवस मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही. सकाळपासून तुमच्या छातीत जळजळत होतं. मी तेव्हा माहेरी आले होते, लेक कडेवर होती. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ या. तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, काल कॉफी जरा जास्त झाली. पित्त आहे." आणि आईने तुम्हाला थंड दूध दिलं. एवढ्या वर्षांत कॉफीविरुद्ध तुम्ही कधी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून तर आमचा विश्वास बसला. स्वतःची चूक कबूल करताय म्हणजे खरंच पित्त असणार, असं वाटलं आम्हाला. त्यात सकाळ गेली. मग घाम फुटला, आणि रिक्षात बसल्यावरही तुम्ही रिक्षावाल्याला सांगत होतात, "टिळक रोडने घ्या, इकडून घेतलंत तर सिग्नलला अडकाल." तो म्हणाला, "काका, तुम्ही गप पडा हो जरा." तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, राग आला तुम्हाला. बाबा, ज्या एका दिवशी तुम्ही कॉफीला दोष दिलात, त्या दिवशी तिचा काही संबंध नव्हता.

आईने महिन्याभराने लोणी कढवलं. साजूक तुपाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. वरणभातावर तिने तूप घेतलं आणि रडत रडत जेवली. पुढे चांगली सोळा-सतरा वर्षं रोज तूप खाऊन, कसलाही रिपोर्ट न बिघडवता, म्हातारपणाने गेली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आता मुद्दा. इथे कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या जवळच एक डॉक्टर बसतात. तरुण मुलगी आहे, माझ्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल, पण बोलणं स्पष्ट. तिने रिपोर्ट पाहिला आणि काय काय खाता हे विचारता विचारता म्हणाली, "कॉफी घेता? कशी करता?" मी सांगितलं, वडील करायचे तशीच, पातेल्यात उकळून. ती पेन खाली ठेवून म्हणाली, "कॉफीच्या पुडीत तिचं स्वतःचं तेल असतं, काकू. नुसती उकळून जाळीतून गाळली की ते पेल्यात येतं, आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदाच्या फिल्टरमधून गाळा, कागद ते धरून ठेवतो. नाहीतर साधी इन्स्टंट घ्या. कॉफी सोडा असं मी म्हणत नाहीये. बेताने घेतली तर बहुतेकांच्या हृदयाला तिने काही होत नाही." तुमचा तो पंधरवडा, ती भूक, ते एकावर एक पेले! खोबरं, दाण्याचं कूट, आईच्या वरणभातावरचं तूप, सगळ्यांवर बंदी घालून तुम्ही नेमकं ते एक तेल पोटभर पीत होतात. हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. मी तिला विचारलं, "म्हणजे माझे वडील कॉफीने गेले?"

"छे," ती म्हणाली. "कॉफीने आकडा थोडा सरकला असेल. एवढा नाही. केवढे होते ते गेले तेव्हा?"

साठीच्या आत, मी सांगितलं.

"मग हे तुमच्या घराण्यातून आलंय. त्यांचं तुमच्यात आलं. त्यांना बहुतेक गोळीची गरज होती, आणि तुम्हालाही आहे. मुलं आहेत ना? त्यांचंही तपासून घ्या. आत्ताच."

मला त्या पोरीचा काय संताप आला म्हणून सांगू! कॉफीचाच दोष निघाला असता तर तिचं काय बिघडलं असतं? मी ती दुसऱ्या दिवसापासून सोडली असती. लेकीला सोडायला लावली असती. तुमच्यावरचा राग कॉफीवर टाकून मोकळी झाले असते. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "गोळी लगेच नको. मला तीन महिने द्या, मी खाण्यावर आणि चालण्यावर उतरवून दाखवते." दाखवते! कुणाला दाखवणार होते मी? खुर्चीत मी बसले होते आणि बोलत होतात तुम्ही. तिने चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उतरवून दाखवायला ही परीक्षा नाहीये, काकू." घरी येताना मी गोळ्या घेतल्या आणि फ्रीजवर ठेवून दिल्या.

तुमची नात आता हिंजवडीला नोकरी करते. कंपनीच्या बसमध्ये तिचं निम्मं आयुष्य जातं, आणि उरलेलं कॉफी पिण्यात. तिच्याकडे काचेचं भांडं आहे, त्यात पूड भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबतात. दूध नाही, साखर नाही. मी तिला सांगितलं, अगं, तुझ्या आजोबांचंच पातेलं आहे हे, फक्त काचेचं. कागदाचे फिल्टर आणून दिले. तिने ते कपाटात ठेवले. रक्त तपास म्हटलं तर म्हणे, "आई, चिल. मी रोज पळते, वजन बघ माझं. माझं कसलं कोलेस्टेरॉल?" रोज तेच. मी सांगायचं, तिने कानात यंत्रं खुपसायची. शेवटी एक दिवस तिने फ्रीजवरची गोळ्यांची पट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "एकही फोडलेली नाहीस. तू आधी सुरू कर, मग मला ज्ञान दे." तोंडात मारल्यासारखं झालं मला. हात टेकले मी या घराण्यापुढे, बाबा. एकापेक्षा एक आहोत.

चार दिवसांनी मी तिला सांगितलं, की गोळी सुरू केली. तिने माझ्याकडे बघितलं, शब्द मोडला नाही. शनिवारी घरी रक्त घ्यायला माणूस आला तेव्हा मुकाट्याने हात पुढे केला. सकाळी कॉफीसुद्धा मागितली नाही. आज दुपारी रिपोर्ट तिच्या फोनवर आला आणि ऑफिसातून तिने मला फोन केला. आवाज एवढा लहान झाला होता, की मला वाटलं नेटवर्क गेलं. आकडा वाढलेला आहे. माझ्याइतका नाही, पण तिच्या वयाला खूप. डॉक्टर उद्या काय ते सांगतील. मग ती म्हणाली, "आई, त्या गोळीने तुला काही होतंय का गं? अंग दुखतं वगैरे म्हणतात."

"छे गं," मी म्हटलं. "काहीसुद्धा होत नाही."

बाबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुम्हाला वाचायचं नाही, म्हणून लिहिते. मी एकही गोळी घेतलेली नाही. रोज एक फोडते आणि बेसिनमध्ये टाकते, तिला पट्टी रिकामी होताना दिसावी म्हणून. तिची बस आत्ता चांदणी चौकाच्या अलीकडे अडकलीय, तसा मेसेज आलाय. ती दारात यायच्या आत आजची गोळी मला गिळायची आहे, आणि मी पाण्याचा पेला भरून तुम्हाला लिहीत बसले आहे.