सरकती

प्रिय धाकट्या,

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. बोलले असते तर तोंडाचा पट्टा सुटला असता, आणि तू नेहमीसारखं ‘ताई, आधी शांत हो’ म्हणाला असतास. मला शांत व्हायचं नाही.

बाबांनी गवंडीकामात उभी हयात घालवली, पण सरकतीच्या उतारावर एक वीट ठेवली नाही. आठवत नाही असं म्हणू नकोस, ते आपल्याला तिथं घेऊन गेले त्या दिवशी तू त्यांच्या खांद्यावर होतास. त्यांनी कुंपणाचे खांब दाखवले. त्यांच्या लहानपणी ते वरच्या खडकाला लागून होते आणि आता बारा पावलं खाली उतरले होते. वर भुसभुशीत माती, खाली चिकणमाती आणि तिच्या पोटात झरे. तो उतार जागेवर राहतच नाही, म्हणून सरकती. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना सहीसुद्धा येत नसेल, पण मागून येणाऱ्यांची काळजी होती.

आणि तू, नकाशा कचेरीतला शिकलासवरलेला साहेब! बांधकामवाल्यांनी अर्ज केला आणि तू ते नाव खोडून ‘हिरवाई’ लिहिलंस. असल्या नावाच्या जागेत घर कोण घेईल, असं मलाच हसत सांगितलंस. मीही हसले. त्या हसण्याची आज शिसारी येते.

माझ्या शेजारच्या शिंपीणबाईंनी तिथं घर घेतलं. त्या परगावच्या. घेण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, जागा कशी आहे हो? नव्या नकाशावरची तुझी सही डोळ्यांपुढे आली आणि मी म्हटलं, छान आहे, हवेशीर आहे. गेल्या मंगळवारी भरदुपारी उतार खाली आला. त्या मशीनवर बसल्या होत्या. मागची भिंत अंगावर पडली आणि उजवा हात कोपरापासून गेला. दवाखान्यात त्यांनी एवढंच विचारलं, या जागेला आधी काही नाव होतं का? मी सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तू वर्तमानपत्रात निसर्गापुढे इलाज नाही म्हणालास, तेही वाचलं. लाज कशी वाटली नाही रे?

सोमवारी चौकशी समितीपुढे माझी साक्ष आहे. तू काय केलंस ते सांगणार आहे आणि मी शिंपीणबाईंना काय सांगितलं तेही. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. आधी स्वतः जाऊन बोलणार असशील तर मी तुझ्याबरोबर येईन, शेजारी बसेन. नाही आलास तर एकटी जाईन.

राग धरूनही तुझीच,
ताई