कवळीवालीची मोटारसायकल

सोमवार, ३ मार्च

मोटारसायकल! मी! एकोणपन्नासाव्या वर्षी!

मालक चहा पिता पिता सहज बोलून गेले आणि माझ्या हातातली कवळी मेणासकट खाली. पुढचे चार दात टेबलाखाली पसार. तीन सापडले.

झालं असं की लॅबमधून दवाखान्यांत कवळ्या पोचवणारा माणूस नोकरी सोडून गेला. मालकांच्या डोक्यात आता वेगळंच आहे. नुसता पोचवणारा नको, कवळी बनवणारंच कुणीतरी जावं. पेशंटच्या तोंडात बसवून बघावी, टोचत असेल तर तिथल्या तिथे घासून द्यावी. "ताई, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. फक्त लॅबची मोटारसायकल चालवावी लागेल. महिनाअखेर सांगा. नाहीतर बाहेरचा माणूस बघतो."

बावीस वर्षं या तळघरात बसून लोकांचे दात करतेय. हजारो केले असतील. पण ते घालून हसताना एक माणूस पाहिलेला नाही. सासूबाईंनाही मीच करून दिलेत — पण त्या हसतच नाहीत.

"विचार करते," म्हटलं. कसला विचार! टेबलाखाली शिरून चौथा दात शोधायला लागले.

मंगळवार, ४ मार्च

चौथा दात सापडला. माझ्या बुटात. घरापर्यंत चालत गेले आणि परत आले त्याच्यावर.

गुरुवार, ६ मार्च

शेवटी जेवताना घरी सांगितलं.

हे म्हणाले, "बघू." यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'. चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना "आता बघा, आता नीट दिसतंय का बघा" करत असतात, त्यामुळे घरी आल्यावर बघायचं काही उरतच नाही.

"स्कूटर नाही का चालणार?"

"लॅबकडे जी आहे ती आहे."

"मग बसने जा."

"दिवसाला सात दवाखाने, सात दिशांना. बसने गेले तर पेशंटला नवे दात येतील तोपर्यंत."

सासूबाई इतका वेळ पाव चहात बुडवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पडलीस तर तोंडावर पडू नकोस. दात तुलाच करावे लागतील."

ही परवानगी समजायची का?

शनिवार, ८ मार्च

आजचा दिवस कुणालाही सांगण्यासारखा नाही, म्हणून इथेच लिहिते.

नुसतं बघायला म्हणून हेल्मेटच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "घालून तर बघा, बाई." घातलं. छान बसलं. फारच छान बसलं — निघेना! आत अंबाडा, अंबाड्यात काटा, काटा अस्तरात रुतलेला. दुकानदाराने ओढलं, त्याच्या बायकोने ओढलं, एका गिऱ्हाइकाने माझे खांदे धरले आणि दुसऱ्याने ओढलं. शेवटी हेल्मेटची किंमत मोजली आणि तशीच बाहेर पडले.

काच काळी. समोरचं सगळं अंधुक. यांचं दुकान जवळ होतं म्हणून तिथे शिरले. हे कुणाचा तरी चष्मा पुसत होते. मान वर करून म्हणाले, "या, बसा. काय त्रास होतोय?"

मी म्हटलं, "नीट दिसत नाहीये."

"कधीपासून?"

"दहा मिनिटं झाली."

आवाज आतल्या आत घुमत होता, ओळखू आला नसणार. शांतपणे म्हणाले, "आधी ते काढा ना, बाई."

"तेच निघत नाहीये हो!"

त्या 'हो'वर मात्र ओळखलं. चष्म्याचे बारीक स्क्रू काढायचा चिमटा आत घालून काटा सोडवला. वीस मिनिटं लागली. यांचे कान लाल झालेले. राग की हसू, अजून कळलेलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा मला "या, बसा" म्हणाले!

रविवार, ९ मार्च

हेल्मेट घेतलंच आहे, तर वाया कशाला घालवा.

हे बाहेर गेल्यावर सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसले. केरसुणीचा दांडा आडवा धरला. डाव्या हाताने क्लच, डाव्या पायाने गिअर, उजव्या हाताने पुढचा ब्रेक, उजव्या पायाने मागचा. चार हातापायांना चार कामं! दात बसवताना सुद्धा एवढी कसरत नसते. तोंडाने "घुर्रर्र" सुरू होतं. मागे बघते तर सासूबाई दारात.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या आल्या. मागे, सोफ्यावर टेकल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"बँकेत. पेन्शनचा दाखला द्यायचाय."

मी पहिला गिअर टाकला. त्या मागून, "सावकाश! पुढे ट्रक आहे! अगं, दिसत नाही का तुला ट्रक?" मी ट्रक चुकवला. दोन सिग्नल लागले. एका वळणावर त्या खरंच एका बाजूला कलल्या, त्यांना धरायला म्हणून मी क्लच सोडला आणि दांडा फुलदाणीवर.

फुलदाणी फुटली.

"अपघात झाला," सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. जाताना मानेने नकार देत होत्या, पण दात दिसले! माझे दात! वरची ओळ पूर्ण! हसल्या की काय? विचारायची हिंमत झाली नाही.

यांना सांगितलं, वाऱ्याने पडली. खिडक्या बंद होत्या.

रविवार, १६ मार्च

नाव नोंदवलं. नवशिक्यांचा वर्ग, दर रविवारी सकाळी सात वाजता, मोठ्या फर्निचरच्या दुकानामागचं मोकळं पार्किंग. आम्ही पाच जण. बाकीचे चौघे माझ्या अर्ध्या वयाचे.

शिकवणाऱ्या बाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. आवाज मात्र भोंग्यासारखा. पूर्वी इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या. "अर्धा वॉर्ड मोटारसायकलवाल्यांचा असायचा. म्हटलं, प्लॅस्टर घालत बसण्यापेक्षा उगमापाशीच जाऊन उभं राहावं."

पहिला धडा चालवायचा नव्हताच — आडवी पडलेली गाडी उचलायचा! "चालवणं नंतर. पडणार तर आहातच!" गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी, आणि पायांच्या जोरावर मागे मागे ढकलत न्यायचं. तरणीबांड मुलं कंबर धरून बसली. मी पहिल्याच झटक्यात उभी केली! बाई म्हणाल्या, "काय काम करता?"

"दात."

बाई माझे दात निरखायला लागल्या. (सासूबाई आंघोळीला बसल्या की अशाच उठवते मी रोज. ते सांगायला हवं होतं.)

मग चालवणं. गाडी अकरा वेळा बंद पडली. बाराव्या वेळी सुटली. सुटली म्हणजे — सुटलीच!

"ब्रेक!" बाई ओरडल्या.

"कुठला?"

"कुठलाही!"

मी हॉर्न दाबला.

कुंपणाची झुडपं मऊ होती, देवाची कृपा. हेल्मेटमधून अजून पानं निघतायत.

सोमवार, १७ मार्च

मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग. जिना उतरताना उलटी उतरते. लॅबमध्ये प्लॅस्टर कालवणारा सोबती — आम्ही त्याला चुनखडी म्हणतो — म्हणाला, "घोड्यावरून पडलात की काय?" "घोडा परवडला," म्हटलं.

मंगळवार, १८ मार्च

ठरलं. नाही.

बुधवार, १९ मार्च

ठरलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आज मालक त्यांच्या गाडीतून मला एका दवाखान्यात घेऊन गेले. एक कवळी तिसऱ्यांदा परत आली होती, पेशंट घालायलाच तयार नाही. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामामागोमाग बाहेर पडले.

पेशंट म्हणजे रिटायर झालेले पोस्टमन. सत्तरीचे. कागदावर फक्त नंबर असतो, त्यामुळे मला वाटलं होतं कुणीतरी किरकिऱ्या माणूस असेल. ते बिचारे संकोचून बसले होते, तोंडावर रुमाल. त्यांना बोलायला लावलं. 'स' म्हटलं की 'थ' येत होता. सोपं होतं हो! पुढचे दोन दात केसभर आत बसले होते. तळघरात बसून मला ते जन्मात कळलं नसतं. तिथेच मेण गरम केलं, दोन दात पुढे घेतले, पुन्हा तोंडात बसवून बघितले. कवळी अजून कच्ची, मेणातलीच, तरी म्हटलं, "साखर म्हणा."

"साखर."

थांबले. पुन्हा म्हणाले, "साखर. सहासष्ट. सदासर्वदा. सशाचं शिंग!" मग थांबेनातच. खुर्चीतून उठून बाहेर गेले, बाहेर बायको बसली होती, तिला म्हणाले, "सुस्त बसू नकोस, साखर सांग!" आणि दोघं हसायला लागले. त्यांचे सगळे दात दिसत होते. माझे दात. खालचा डावीकडचा थोडा जास्त पांढरा झालाय.

मी हात धुवायला म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडले. वेडेपणा आहे, पण लिहून ठेवते.

चालवणार. काय व्हायचं ते होऊ दे.

रविवार, २३ मार्च

दुसरा वर्ग. गाडी तीनदाच बंद पडली. पार्किंगला चार पूर्ण फेऱ्या! चौथ्या फेरीला दुसरा गिअर टाकला आणि — काय सांगू! अंगावरून कुणीतरी बावीस वर्षांची धूळ झटकतंय असं वाटलं. मी मोठ्याने गात होते म्हणे. हेल्मेटमध्ये ऐकू जात नाही असा माझा समज होता.

बाई म्हणाल्या, "गाणं बंद, वळताना समोर बघा. जिथे बघाल तिथेच गाडी जाईल." मी लगेच बाईंकडे बघितलं. बाईंनी उडी मारली.

मंगळवार, २५ मार्च

आज घरात ठिणगी पडली.

यांना सांगितलं, माझं ठरलंय. हे चमचा खाली ठेवून म्हणाले, "नाही म्हणजे नाही." चोवीस वर्षांत 'बघू'च्या पुढे गेले नव्हते! मीही आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला लाज वाटते बायको मोटारसायकलवर बसली तर. लोक काय म्हणतील याची भीती.

"लोक काय म्हणतील याची नाही गं. लोकांना काय दिसतं याची!"

मग बोलायलाच लागले. "तीस वर्षं या गावाचे डोळे तपासतोय मी. अर्ध्या ड्रायव्हरांना पाटीवरची तिसरी ओळ वाचता येत नाही. बसवाले एक आहेत, ते माझ्या दुकानाला दर महिन्याला औषधांचं दुकान समजून येतात. एका बाईंनी परवा आरशाला नमस्कार केला. चष्मा करून दिला तर खिशात ठेवतात, म्हणतात वाचायला लागतो. आणि त्या सगळ्यांमधून तू जाणार. कुणाला दिसणार तू? मला रात्रंदिवस तेच दिसतं."

एवढं मनात ठेवून हा माणूस तीन आठवडे नुसता 'बघू' म्हणत होता!

सासूबाई म्हणाल्या, "मग ती लोकांना दिसेल असं काहीतरी घाल की तिच्या अंगात. तू चष्मेवाला ना?"

गुरुवार, २७ मार्च

यांनी एक जाकीट आणलं. पोपटी. म्हणजे कसं सांगू — बघितल्यावर डोळे चुरचुरतात. वर पाठीवर दोन चमकत्या पट्ट्या, आणि स्वतःच्या हाताने शिवलेली तिसरी. "ज्याला पाटीवरची पहिली ओळ सुद्धा दिसत नाही," म्हणाले, "त्यालाही तू दिसशील."

घालून लॅबमध्ये गेले. चुनखडीने डोळ्यांवर हात घेतला.

रविवार, ३० मार्च

तिसरा वर्ग. पूर्ण मैदान, वळणं, थांबा, पुन्हा सुटा. एकदाही बंद पडली नाही! बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात लायसन्सच्या परीक्षेला बसा.

हे आले होते बघायला. कुंपणाबाहेर एका गाडीआड उभे. मला दिसणार नाही अशी समजूत. हातात प्रथमोपचाराची पेटी! मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा पेटी खाली ठेवून दोन्ही हात हलवले, मग लक्षात आलं की आपण लपलोय, म्हणून पटकन खाली बसले.

उद्या मालकांना हो सांगायचं. झोप येईल असं वाटत नाही.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी सकाळी मालकांच्या खोलीत गेले. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "ताई, तुमची कटकट मिटवली! चारचाकी घेतली, ड्रायव्हरसकट. दवाखान्यांचं काम तुमचंच. मागे आरामात बसा, दात बसवा, परत या. मोटारसायकल काढतोय विकायला."

म्हणजे हवं ते सगळं मिळालं. न पडता, न झडता. मी "बरं झालं" म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द भलतेच आले —

"कितीला देताय?"

मालक हसले. मी हसत नव्हते.