लघवीचा स्वच्छ रिपोर्ट

मुलुंड,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय उत्तरावहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज तुझे बाबा वाचतात, म्हणून हे कुरिअरने.

आईची शुगर आटोक्यात आहे. दादा, म्हणजे अजून तुझा नवरा म्हणवतो तो, ऑफिसला जातो, येतो, जेवतो. त्याचं इंजेक्शन झालं.

तुझं अजून नाही. डॉक्टर मलाच झापतात, तिला आणत का नाहीस म्हणून. काय सांगू? तुझी आई येईल त्याला लघवीचा रिपोर्ट दाखवते, "बघा, आमची मुलगी स्वच्छ आहे." अगं, त्या साध्या तपासणीत गनोरियाचा, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या परम्याचा, जंतू सापडत नाही. बाईमध्ये तो बहुतेकदा गर्भाशयाच्या तोंडाशी असतो, कधी घशातही, आणि बरेचदा मुकाट असतो. म्हणून तर डॉक्टरांनी आतून नमुना घेतला. तो पॉझिटिव्ह आला आणि तू दहिसरला निघून गेलीस. "इंजेक्शन घेतलं तर मी कबूल केल्यासारखं होईल," म्हणालीस. तिकडे तुझं ओटीपोट दुखतंय असं कानावर आलं. जंतू वर चढला तर गर्भनळ्या कायमच्या खराब होतील. मला फार भीती वाटते गं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तुमचे दोघांचे नमुने मी काम करते त्याच लॅबमध्ये आले. जंतूचा प्रकार एकच निघाला. दादा लगेच म्हणाला, "बघ! आता आईला सांग ना, हिच्याकडूनच आलाय."

मी म्हटलं, "प्रकारावरून कोणाकडून कोणाला गेला ते कळत नाही रे. तुला लघवीला जळजळ कधी सुरू झाली ते सांग."

मग म्हणाला, "हैदराबादला."

म्हणजे साइटवर असताना, वहिनी. घरी यायच्या आधी. केमिस्टकडच्या गोळ्या अर्धवट खाऊन तसाच तुझ्याकडे आला, आणि वर तुझ्यावर ढकलून मोकळा झाला.

काल जेवताना मी त्याला हे आईसमोर बोलायला लावलं. आई म्हणाली, "पुरुषांचं होतं कधीकधी असं." मी भरल्या ताटावरून उठले.

पत्र हाती पडलं की निघ. मला नुसता फोन कर, मी दवाखान्याच्या दारात येऊन थांबते. कबूल करायचं होतं ते दादाने केलं. त्यानंतर आमच्या घरी यायचं की नाही, ते तू ठरव. मी 'ये' म्हणणार नाही.

मिहिरची बहीण असूनही तुझीच,
गंधाली