कोरा ठेवलेला चेहरा

प्रिय प्रतीक्षा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतोच आहे आणि ती डॉक्टरकडं जायचं टाळतेच आहे, म्हणजे तेही नेहमीसारखंच. रोज फोन असताना अप्पांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. पण फोनवर मी बोलतो काय? जेवलीस का, पुण्यात ऊन आहे का, रंग पुरले का. चौथ्या मिनिटाला फोन आईच्या हातात देतो. मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही, आणि तुझा आवाज कानावर असताना तर माझ्या तोंडून ते निघणारच नाही. म्हणून वहीची पानं फाडली. अक्षराला हसू नकोस. बोर्डावर फूटभर अक्षर एका दमात ओढणारा माणूस कागदावर दुसरीतल्या पोरासारखं लिहितो, हे तू लहानपणापासून बघते आहेस.

तू कॉलेजात सगळ्यांना सांगतेस की माझे अप्पा स्वतःच्या मनानं शिकलेले चित्रकार आहेत. ऐकायला मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू. अडत दुकानातली जुनी कॅलेंडरं मागून आणायची, त्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर आखायच्या आणि एकेका घरात जे दिसेल ते कोळशानं उतरवायचं, असा मी शिकलो. पहिला ब्रश शेळीच्या केसांचा, माझ्या हातानं बांधलेला. पहिलं काम कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचं, गावोगावच्या भिंतींवर. मग उमरग्याला नाक्यावर येऊन बसलो, दुकानांचे बोर्ड केले, ट्रकांच्या फळ्या रंगवल्या. फ्लेक्स आला तेव्हा हातातलं निम्मं काम गेलं, पण गेलेल्या माणसांचे फोटो आधार कार्डावरून मोठे रंगवून द्यायला लागलो आणि तगलो. माझा गुरू कोणी नाही, हे मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो.

पण गुरू नसल्याचं एक दुखणं मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. मला हात काढता येत नाहीत. चेहरा मी डोळे झाकून काढेन, पण समोरच्या माणसाचा हात बघून काढायला घेतला की बोटांची वांगी होतात. तू माझी चित्रं आठवून बघ. शरणबसप्पा सावकारांच्या अंगावर शाल आहे आणि हात शालीत आहेत. हरणाबाईंचे हात पदराखाली. शाळेच्या मास्तरांच्या पुढं मी एक भलंमोठं पुस्तक उभं केलं आणि लोक म्हणाले, काय विद्वान दिसतात! कॅलेंडरावरून उतरवायचं असेल तर चौकटी सांभाळून घेतात, बाकी चार हातांच्या देवाची मला कायम धास्ती. चाळीस वर्षं मी ही चोरी शालीखाली झाकत आलो.

आता मागच्या दिवाळीचं. तू सुट्टीत आलीस आणि दहा दिवस माझ्या टपरीत स्टूल टाकून बसलीस. मी व्यंकटच्या खताच्या दुकानाचा बोर्ड करत होतो आणि तू माझं चित्र करत होतीस. जाताना म्हणालीस, रंग ओला आहे, महिनाभर वाळू द्या, मग आयुबचाचाच्या ट्रकमधून पाठवा, वार्षिक प्रदर्शनाला लावायचंय. तू एसटीत बसलीस आणि मी परत येऊन पहिल्यांदा ते चित्र सावकाश बघितलं. पाठीचा बाक होता, उसवलेली कॉलर होती, रंगाचे डबे होते. आणि माझे दोन हात होते. डावा बोर्डाला टेकवलेला, त्यावर उजवं मनगट पेललेलं, करंगळी जराशी बाहेर. नखात राहिलेला निळा रंगसुद्धा तू सोडला नव्हतास. पोरी, इतके खरे हात मी जन्मात कधी रंगवले नाहीत, आणि ते माझेच होते.

चेहरा मात्र तू कोरा ठेवला होतास. नुसता पिवळ्या मातीसारख्या रंगाचा एक पातळ हात फिरवलेला, ना डोळे, ना नाक.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तुला माहीत आहे. बोर्डावर कोरी जागा ठेवून तो गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा नाही. लोक म्हणतात, पेंटर अर्धं काम टाकून गेला. एका दुपारी आई दळणाला गेली होती. मी ते चित्र उतरवलं, डब्यातला ऑइलपेंट कालवला आणि तिथं माझा चेहरा काढला. तासाभरात काढला. गुळगुळीत गाल, कपाळाला उजेड, मिशा काळ्याभोर, केसही काळे. वाढदिवसाच्या बॅनरवरच्या पुढाऱ्यासारखा तुझा बाप त्या चित्रातून बघायला लागला.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, अडाण्यानं मायेपोटी गोंधळ घातला. तसं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, फोनवरच हसत सांगितलं असतं. पण तू मला सांगून गेली होतीस. आठवतंय? मी विचारलं होतं, तोंड कधी करणार? तू म्हणालीस, "न्हाय करणार अप्पा. तुम्ही कामात असला की तुमचं तोंड मला दिसतच न्हाय. हातच दिसतात." मला सगळं ठाऊक होतं. ते चित्र पुरं झालेलं होतं आणि माझ्या चाळीस वर्षांच्या सगळ्या कामापेक्षा ते चांगलं होतं. वीस वर्षांच्या पोरीनं, माझ्याच पोटच्या पोरीनं, मला न जमलेली गोष्ट दहा दिवसांत करून दाखवली, तीही माझ्याच हातांवर. मला तुझा हेवा वाटला. बापाला लेकीचा हेवा वाटावा, याची मला शरम वाटते. लिहितानाही कान तापले आहेत. त्या चित्रात माझं काहीतरी असावं, लोकांनी आधी माझं काम बघावं, मग तुझं, असं मला वाटलं. म्हणून मी ब्रश उचलला.

चेहरा झाला आणि त्याच्या शेजारी ते हात बघितले, तेव्हा मला माझं सोंग दिसलं. मग घाबरलो. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पुसायला गेलो. पण खालचा तुझा रंग अजून कच्चा होता. माझा चेहरा निघाला तो तुझी पिवळी माती घेऊन निघाला, ओघळ खाली गेला, कॉलर गेली, डावा हात गेला. जितकं पुसावं तितकं पसरत गेलं. मी ते गोणपाटात गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, आणि आठवड्यानं आयुबच्या गाडीत चढवून दिलं. तुला आधी कळवावं, एवढंही धाडस झालं नाही. वाटेत काहीतरी होईल, हरवेल, असं वाटत होतं. काय वाटत होतं ते देवाला ठाऊक.

आयुबनं ते हरवलं नाही. तुरीच्या पोत्यांवर नको म्हणून केबिनमध्ये उभं ठेवून नेलं, क्लीनरला मागं बसवलं. तुझ्या खोलीपर्यंत स्वतः वर आणून दिलं. तू उघडलंस आणि तिथूनच मला फोन केलास. तू रडत होतीस. अप्पा, हे काय झालं, सगळं पुसलं गेलंय, वास कसला येतोय. आणि मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, आयुबच्या केबिनमध्ये डिझेलचा कॅन असतो, तो सांडला असेल.

हे वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. पण जिभेवर असं आलं की जणू तयारच होतं. तू तिथंच त्याला कॅनचं विचारलंस आणि मला फोनमधून आयुबचा आवाज ऐकू आला. त्यानं वाद घातला नाही. केबिनमध्ये कॅन असतो हे खरंच होतं, त्याला माझ्यापेक्षा स्वतःवरच संशय आला. "पोरी, चुकी झाली माझी. घाटात कॅन हलला आसंल. लई मोठी चुकी झाली." तू तेव्हा त्याला जे बोललीस त्याचा तुला दोष नाही. तुझ्या जागी कोणीही बोललं असतं. तू त्याला चालता हो म्हणालीस आणि तो चालता झाला. आठ दिवसांत दुसरं चित्र करून तू लावलंस, त्याकडं कोणी ढुंकून बघितलं नाही, हेही मला माहीत आहे.

त्याला आता वर्ष होत आलं. आयुबच्या मेहनाजच्या लग्नाला तू आली नाहीस. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तुझ्या वेण्या घालणारी मेहनाज. तिची आई रजियाबी जेवायच्या पंगतीत तुझ्या आईला विचारत होती, पोरीचा राग अजून गेला न्हाय व्हय? आई म्हणाली परीक्षा आहे. मी ताटातली बिर्याणी चिवडत बसलो.

आणि अजून एक आहे. आयुबच्या गाडीच्या मागच्या फळीवर तो पोपट होता ना, तू आठ वर्षांची असताना काढलेला, एका डोळ्याचा. दरवर्षी गाडी रंगाला आली की मी म्हणायचो, आता तरी झाकू दे, नवा काढून देतो. तो म्हणायचा, हात लावलास तर बघ. या मार्चमध्ये गाडी लावली आणि स्वतःच म्हणाला, "गुरुलिंग, पोपट झाक. तिचं चित्र माझ्या हातानं नासलं, आता तिचं चित्र मिरवत फिरायला मला तोंड न्हाय." प्रतीक्षा, त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. टपरीत आम्ही दोघंच होतो. मी हिरवा डबा उघडला आणि पोपटावरून दोन हात मारले. तो चहा आणायला गेला.

मंगळवारी तुझा फोन आला. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाला तेच चित्र पुन्हा करतेय म्हणालीस, आणि चित्राशेजारी लावायला लिहिलेला मजकूर वाचून दाखवलास. त्यात तू लिहिलंयस की अप्पांनी मला सगळं दाखवलं, पण माझ्या चित्राला कधी हात लावला नाही. मी बरं आहे म्हणालो आणि फोन आईकडं दिला. मग तूच मागून आईला सांगितलंस, अप्पांना चित्रासाठी बसायला आठवडाभर पाठव, पण आयुबचाचाच्या गाडीतून नको. ते वाक्य भिंतीवर लागायच्या आत हे पत्र तुला मिळायला हवं. मजकूर बदल. खरं काय ते लिही, किंवा काहीच लिहू नकोस. मी येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन, आणि चेहरा मागणार नाही.

पोस्टानं पाठवणार होतो, पण मग हे फक्त आपल्या दोघांतच राहिलं असतं. म्हणून ज्यानं हे तुझ्या हातात दिलं, त्या आयुबच्याच हातून पाठवलं आहे. घेताना त्यानं विचारलं, "माफीचं लिवलंस का?" मी व्हय म्हणालो. त्याला वाटतंय, मी त्याच्यासाठी तुझ्याकडं माफी मागितली आहे. वर यायला तो धजला नसेल, अजून गेटपाशीच उभा असेल. खाली जा, त्याला वर आण, खुर्चीवर बसव. तो उर्दू शाळेत चौथीपर्यंतच शिकलेला, त्याला हे अक्षर लागणार नाही. तू वाचून दाखव, पहिल्यापासून, काही न गाळता. हे काम लेकीच्या गळ्यात टाकायचं नसतं, हे मला कळतं. समोरासमोर सांगायला मी तीनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो आहे. तो गुरुवारी माघारी येईल तेव्हा मी सकाळपासून नाक्यावर उभा राहीन. त्याला जे बोलायचं ते बोलू दे, आणि तुलाही.

तुझाच,
अप्पा